बिल्ड अडलं? आधी तक्रार कोण करतंय ते ओळखा

सांगली-मिरजेकडची मुलं लिनक्सवर पहिल्यांदा काही बिल्ड करायला, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवायला, बसतात आणि अडली की विचारायला येतात. बहुतेकांचं म्हणणं एकच: "सर, लायब्ररी मिळत नाहीये." म्हणणं खरं असतं, पण तेवढ्यावर उपाय सांगता येत नाही. मिळत नाहीये ती कुणाला? कोड मशीनच्या भाषेत आणणाऱ्या कंपायलरला, त्याला लायब्ररी जोडणाऱ्या लिंकरला, की तयार झालेला प्रोग्रॅम सुरू करून देणाऱ्या लोडरला? हे तिघं वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या फायली शोधतात. एकाच्या तक्रारीवर दुसऱ्याचा उपाय केला तर काहीच हलत नाही, आणि मग माणूस हाताला लागेल ते इन्स्टॉल करत सुटतो. म्हणून काहीही इन्स्टॉल करण्याआधी एकच प्रश्न: बोलतंय कोण?

उदाहरण आपल्या गावचं घेऊ. पावसाळ्यात सांगलीत सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा असतो, आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. समजा, आपण सी भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आहे. तो हा आकडा नेटवरून आणतो, तारीख-वेळेसकट साठवतो आणि ४० ओलांडले की सूचना देतो. फाइलचं नाव पातळी.सी. आकडा आणण्याचं काम लिबकर्ल ही लायब्ररी करणार, साठवण्याचं काम एसक्यूलाइट. या दोन्ही आपण लिहिलेल्या नाहीत, पण त्यांच्याशिवाय आपलं चालत नाही. याच आपल्या डिपेन्डन्सी.

इथे आज्ञा आणि फायलींची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लहान अक्षरांत टाइप करा. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. हायफन आणि टिंब जसेच्या तसे, आकडे इंग्रजीत. सगळं विवेचन उबुंटू आणि डेबियन धरून आहे. विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याची सोय) उबुंटू घेतलं तरी सगळं लागू पडतं.

सुरुवातीची तयारी

आधी या दोन आज्ञा द्या (सुडो म्हणजे आज्ञा ॲडमिनच्या अधिकाराने चालवणं, एपीटी म्हणजे पॅकेजेस आणून बसवणारं साधन):

सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल पीकेजी-कॉन्फिग

पहिली आज्ञा काहीही इन्स्टॉल करत नाही. कोणती पॅकेजेस कुठे मिळतात याची यादी फक्त ताजी करते. ती न देता इन्स्टॉल करायला गेलात तर "अनेबल टू लोकेट पॅकेज" किंवा "४०४ नॉट फाउंड" येतं आणि पॅकेजच अस्तित्वात नाही असा गैरसमज होतो. अपडेट देऊनही ४०४ येत असेल तर आपलं उबुंटू कोणतं आहे ते बघा. दोन एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या) आवृत्त्यांच्या मधल्या आवृत्त्यांना जेमतेम ९ महिने आधार असतो, त्यानंतर त्यांची पॅकेजेस नेहमीच्या सर्व्हरवरून काढून जुन्यांच्या सर्व्हरवर ठेवली जातात. शिकायला एलटीएसच घ्या, तिला ५ वर्षं मिळतात. सीनियरने पेन ड्राइव्हवर दिलेलं उबुंटू कोणत्या सालचं आहे हे न बघता कित्येक जण अख्खा आठवडा घालवतात.

दुसऱ्या आज्ञेने जीसीसी आणि जी++ हे कंपायलर, बिल्डची कामं क्रमाने चालवणारं मेक, आणि सी भाषेच्या मूळ हेडर फायली (लायब्ररीत कोणती फंक्शनं आहेत हे कंपायलरला सांगणाऱ्या) येतात. पीकेजी-कॉन्फिगचा उपयोग पुढे येईलच.

पहिली चूक वाचा, शेवटची नको

बिल्ड कोसळलं की पडद्यावर शेवटी दिसतं ते "मेक: एरर १" किंवा "एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस". या ओळी नुसती बातमी देतात. कारण वर असतं, कधी कधी शे-दोनशे ओळी वर. म्हणून सगळं एका फायलीत घ्या:

मेक २>&१ | टी बिल्ड.लॉग

आणि मग त्या फायलीत "एरर" हा शब्द वरून खाली शोधा. पहिली सापडेल ती खरी. तिच्याखालच्या बऱ्याचशा तिच्यातूनच जन्मलेल्या असतात. मेकला -जे४ किंवा -जे८ देऊन एकाच वेळी अनेक कामं चालवत असाल तर त्यांचे संदेश एकमेकांत मिसळतात. अडल्यावर -जे१ देऊन परत चालवा. वेळ जास्त लागेल, पण ओळी क्रमाने येतील.

मदत मागतानाही हीच फाइल द्या. मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा फोटो, त्यातही फक्त शेवटच्या चार ओळी, यावरून कुणालाच काही सांगता येत नाही.

कंपायलर बोलतोय: हेडर नाही

संदेश असा दिसतो: "फेटल एरर: कर्ल/कर्ल.एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी", आणि खाली "कंपायलेशन टर्मिनेटेड". नाव .एच ने संपलं की समजायचं, बोलणारा कंपायलर आहे आणि त्याला हेडर फाइल हवी आहे.

इथे नवख्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ होतो, म्हणून जरा थांबू. मुलं म्हणतात, "पण सर, कर्ल तर आहे. टर्मिनलमध्ये कर्ल टाइप केलं की चालतंय की." चालतं, बरोबर. कारण डेबियन आणि उबुंटूमध्ये एकाच लायब्ररीची दोन पॅकेजेस असतात. एक चालवण्यापुरतं, ज्यात .एसओ फाइल, म्हणजे प्रोग्रॅम चालताना लागणारी लायब्ररी, असते. दुसरं बिल्ड करणाऱ्यांसाठी, ज्याच्या नावाच्या शेवटी -डेव्ह असतं. हेडर फायली या दुसऱ्यात असतात. ज्याला फक्त प्रोग्रॅम वापरायचा आहे त्याच्या मशीनवर हेडरचं काही काम नसतं, म्हणून ती आपोआप येत नाहीत. फेडोरामध्येही अशीच विभागणी आहे, फक्त तिथे शेवटी -डेव्हेल असतं. आर्च लिनक्समध्ये मात्र अशी फाळणी सहसा नसते, म्हणून आर्चवाल्याने लिहिलेल्या सूचना उबुंटूवर अपुऱ्या पडतात.

आपल्याला लागणारी दोन पॅकेजेस अशी:

सुडो एपीटी इन्स्टॉल लिबकर्ल४-ओपनएसएसएल-डेव्ह लिबएसक्यूलाइट३-डेव्ह

ही नावं पाठ करायची गरज नाही. हेडरचं नाव हातात असताना पॅकेज शोधून देणारं साधन आहे, त्याचं नाव एपीटी-फाइल. ते इन्स्टॉल करा, मग सुडो एपीटी-फाइल अपडेट द्या, आणि विचारा:

एपीटी-फाइल सर्च कर्ल/कर्ल.एच

ज्या ज्या पॅकेजमध्ये ही फाइल आहे त्यांची यादी समोर येते. कर्लच्या बाबतीत एकाहून जास्त नावं येतील, कारण ती लायब्ररी ओपनएसएसएल आणि ग्नूटीएलएस अशा दोन सुरक्षा-लायब्रऱ्यांवर वेगवेगळी बांधलेली मिळते. खास कारण नसेल तर ओपनएसएसएलवाली घ्या. फेडोरावर हेच काम डीएनएफ प्रोव्हाइड्स करतं. मला वाटतं, नवख्याने पहिल्या दिवशी शिकावं असं हे एक साधन आहे, कारण याने अंदाजपंचे नावं टाकून बघणं थांबतं.

काही नावं मात्र इतक्यांदा लागतात की लक्षात राहूनच जातात. झेडलिब.एच साठी झेडलिब१जी-डेव्ह, त्यातला एक आणि जी विसरू नका. ओपनएसएसएल/एसएसएल.एच साठी लिबएसएसएल-डेव्ह. पायथन.एच (पी मोठा) साठी पायथन३-डेव्ह. एफएफआय.एच साठी लिबएफएफआय-डेव्ह.

आता थोडं अवघड प्रकरण. पॅकेज आहे, फाइलही आहे, तरी कंपायलर नाही म्हणतो. जीलिबचं हे नेहमीचं. लिबजीलिब२.०-डेव्ह घातलं तरी जीलिब.एच सापडत नाही, कारण ती फाइल /यूएसआर/इन्क्लूड मध्ये थेट नसून तिथल्या जीलिब-२.० या आतल्या फोल्डरमध्ये आहे, आणि कंपायलर स्वतःहून आत शिरत नाही. त्याला जागा दाखवावी लागते. ती हाताने लिहिण्यापेक्षा पीकेजी-कॉन्फिगला विचारा:

पीकेजी-कॉन्फिग --सीफ्लॅग्ज --लिब्ज जीलिब-२.०

उत्तरात -आय (इथे मोठा आय) लावलेले फोल्डर आणि -एल लावलेल्या लायब्रऱ्या मिळतात. हे उत्तर जसंच्या तसं जीसीसीच्या आज्ञेत घालायचं. मेकफाइलमध्ये ही ओळ लिहून ठेवली की दुसऱ्याच्या मशीनवर फोल्डर वेगळा असला तरी अडत नाही.

लिंकर बोलतोय: दोन वेगळ्या तक्रारी

कंपाइल झालं, पण पुढे एलडी हे नाव असलेली ओळ आली तर बोलणारा लिंकर आहे. आपली आज्ञा अशी होती:

जीसीसी पातळी.सी -ओ पातळी -एलएसक्यूलाइट३ -एलकर्ल

इथला एल लहान आहे आणि त्याला लागूनच लायब्ररीचं नाव, सुरुवातीचं "लिब" काढून. मोठा एल दिला तर तो लायब्ररी कुठल्या फोल्डरमध्ये शोधायची ते सांगतो.

पहिली तक्रार: "कॅनॉट फाइंड -एलएसक्यूलाइट३". म्हणजे लिंकरला लिबएसक्यूलाइट३.एसओ या नावाची फाइलच दिसली नाही. पुन्हा तोच प्रश्न येतो की मशीनवर लायब्ररी आहे ना? आहे, पण लिबएसक्यूलाइट३.एसओ.० या नावाने. लिंकर शेवटी आकडा नसलेलं नाव शोधतो, आणि ते नाव म्हणजे एक सिम्लिंक (दुसऱ्या फायलीकडे बोट दाखवणारं नाव) असते जी -डेव्ह पॅकेजसोबत येते. म्हणून हेडर आणि लिंकर या दोन्हींच्या अशा तक्रारीवर उपाय बऱ्याचदा एकच निघतो: -डेव्ह पॅकेज.

दुसरी तक्रार: "अनडिफाइन्ड रेफरन्स टू" आणि पुढे एखाद्या फंक्शनचं नाव. ही वाचून लगेच काही इन्स्टॉल करायला धावू नका. या वेळी लायब्ररी बहुधा मशीनवर असते. एक तर तुम्ही -एल लिहायला विसरलात, किंवा चुकीच्या जागी लिहिलंत. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो. लायब्ररी आधी आली आणि तोवर तिच्यातलं कुणालाच काही नको असेल, तर तो तिला बाजूला ठेवून पुढे जातो. मग पातळी.सी आली आणि तिने एसक्यूलाइटचं फंक्शन मागितलं की तो म्हणतो, मला माहीत नाही. उबुंटूने ११.१० पासून शेअर्ड (.एसओवाल्या) लायब्रऱ्यांनाही हा नियम लावला आहे. म्हणून जुन्या पुस्तकातली, -एल आधी लिहिलेली आज्ञा आज चालत नाही. नियम साधा ठेवा: आधी आपल्या फायली, शेवटी लायब्रऱ्या. आणि लायब्रऱ्यांमध्येही जी दुसरीवर अवलंबून आहे ती आधी.

गणिती फंक्शनं वापरताना हाच अनुभव येतो. मॅथ.एच जोडलं, कंपायलर खूश, आणि लिंकर म्हणतो एसक्यूआरटी कुठे आहे. त्याला शेवटी -एलएम हवं असतं. हेडर जोडणं आणि लायब्ररी जोडणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे इथे नीट पटतं.

नाव ओळखीचं, -एल बरोबर, क्रम बरोबर, तरी अनडिफाइन्ड रेफरन्स? मग आवृत्तीची शंका घ्या. कुणीतरी पूर्वी सोर्समधून बिल्ड करून नवी आवृत्ती /यूएसआर/लोकल मध्ये टाकलेली असते आणि एपीटीची जुनी /यूएसआर मध्ये असते. हेडर एकीकडचं उचललं, लायब्ररी दुसरीकडची, की असंच होतं. पीकेजी-कॉन्फिग --मॉडव्हर्जन एसक्यूलाइट३ देऊन तो कोणती आवृत्ती सांगतो ते बघा आणि एकच ठेवा.

लोडर बोलतोय: बिल्ड झालं, पण सुरू होत नाही

विश्रामबागच्या हॉस्टेलवर मित्राच्या लॅपटॉपवर बिल्ड केलेला प्रोग्रॅम घरी मिरजेला आपल्या मशीनवर आणला आणि चालवला. उत्तर: "एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज: लिबकर्ल.एसओ.४: कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल". इथे कंपायलर नाही, लिंकर नाही. शेवटी आकडा असलेलं .एसओ नाव आलं की तो लोडर. त्याला -डेव्ह पॅकेजची गरज नसते, चालवण्यापुरतं पॅकेज पुरतं.

काय काय कमी आहे ते एकदमच बघायचं तर:

एलडीडी ./पातळी

ज्या ओळीपुढे "नॉट फाउंड" असेल ती लायब्ररी हवी. एलडीडी कधी कधी तो प्रोग्रॅम अंशतः चालवतो, म्हणून अनोळखी ठिकाणाहून आलेल्या फायलीवर ते वापरू नका. तिथे ऑब्जडंप -पी देऊन "नीडेड" लिहिलेल्या ओळी वाचा. नंतर एपीटी-फाइलला लिबकर्ल.एसओ.४ विचारा. उबुंटू २४.०४ वर उत्तर लिबकर्ल४टी६४ असं येईल. ३२ बिटवाल्या मशीनवर २०३८ नंतरच्या तारखा बसाव्यात म्हणून वेळ ६४ बिटमध्ये मोजायचं ठरलं, तेव्हा बऱ्याच पॅकेजांच्या नावापुढे टी६४ लागलं. जुनी उत्तरं वाचून जुनं नाव शोधत बसू नका.

स्वतः सोर्समधून बिल्ड करून मेक इन्स्टॉल केलं असेल तर लायब्ररी सहसा /यूएसआर/लोकल/लिब मध्ये जाते. उबुंटू तिथे बघतं, पण त्याची एक साठवलेली यादी असते आणि ती आपोआप ताजी होत नाही. सुडो एलडीकॉन्फिग एवढी आज्ञा दिली की काम झालं. दुसऱ्याच फोल्डरमध्ये असेल तर एलडी_लायब्ररी_पाथ (सगळी अक्षरं मोठी) मध्ये तो फोल्डर सांगता येतो. पण हा उपाय त्या टर्मिनलपुरता आणि तात्पुरता ठेवा. बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताच वाचली जाणारी फाइल) कायमचा लिहून ठेवलात तर उद्या दुसराच एखादा प्रोग्रॅम तिथली चुकीची लायब्ररी उचलेल आणि कारण सापडणार नाही.

एक घातक सल्ला इंटरनेटवर सर्रास मिळतो, त्याबद्दल स्पष्ट सांगतो. उबुंटू २२.०४ पासून ओपनएसएसएलची ३ क्रमांकाची आवृत्ती येते, १.१ येत नाही. जुना प्रोग्रॅम लिबएसएसएल.एसओ.१.१ मागतो. सल्ला असा असतो की लिबएसएसएल.एसओ.३ ला १.१ नावाची सिम्लिंक करा, काम झालं. गल्लीतल्या घरावर दुसऱ्याची पाटी लावली म्हणून आत राहणारा माणूस बदलत नाही. शेवटचा आकडा बदलला याचा अर्थच हा की आतली रचना जुन्या प्रोग्रॅमशी जुळत नाही. तो सुरूच होणार नाही, किंवा सुरू होऊन मध्येच कोसळेल, आणि सुरक्षेच्या लायब्ररीत हे अजिबात परवडणारं नाही. कुठल्या तरी साइटवरून जुनी १.१ आणून बसवणंही टाळा, तिचा सार्वजनिक आधार सप्टेंबर २०२३ मध्ये संपला आहे. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घ्या, किंवा सोर्स असेल तर आपल्या मशीनवर पुन्हा बिल्ड करा.

कॉन्फिगर आणि सीमेक: कंपायलरच्याही आधी अडलं तर

मोठ्या प्रकल्पात ./कॉन्फिगर किंवा सीमेक आधी सगळं जागेवर आहे का ते तपासतात. "पॅकेज लिबकर्ल वॉज नॉट फाउंड" असं म्हणून पीकेजी-कॉन्फिग पुढे सुचवतं की त्याचा शोधमार्ग बदलून बघा. नवखे लगेच तो बदलायला जातात. थांबा. तो .पीसी ने संपणारी फाइल शोधतोय, आणि ती -डेव्ह पॅकेजमध्येच असते. एपीटीने ते घातलं की फाइल योग्य जागी येते, मार्गाला हात लावावा लागत नाही. मार्ग बदलायचा तो लायब्ररी स्वतः वेगळ्या फोल्डरमध्ये बिल्ड केली असेल तेव्हाच.

कॉन्फिगरने मोघम उत्तर दिलं तर त्याच फोल्डरमध्ये कॉन्फिग.लॉग बघा. शेवटी व्हेरिएबल्सची लांबलचक यादी असते, तिच्यात अडकू नका. "फेल्ड प्रोग्रॅम वॉज" हे शब्द शोधा. त्याच्या लगेच वर कंपायलरचा खरा संदेश असतो, आणि आता तो वाचायला तुम्ही शिकलात.

सीमेकची एक खोड: एकदा सापडलेली जागा तो सीमेककॅश.टीएक्सटी (दोन्ही सी आणि एम मोठे) मध्ये लिहून धरून बसतो. लायब्ररी बदलली, तरी जुनीच जागा सांगतो. बिल्ड फोल्डर पूर्ण काढून टाका आणि परत चालवा, किंवा ३.२४ पासून पुढची आवृत्ती असेल तर --फ्रेश द्या.

उबुंटूमध्ये आधीच असलेला एखादा प्रोग्रॅम बिल्ड करायचा असेल तर सुडो एपीटी बिल्ड-डेप आणि पुढे त्याचं नाव द्या. त्याच्या सगळ्या डिपेन्डन्सी एकदम येतात. त्यासाठी पॅकेजच्या यादीत सोर्सचे भांडार सुरू केलेले असावे लागतात.

पायथनवाल्यांसाठी

आपला पातळीचा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहिला तरी यातून सुटका नाही, कारण पायथनची बरीच पॅकेजेस आतून सी मध्येच लिहिलेली आहेत. पिप, म्हणजे पायथनची पॅकेजेस आणणारं साधन, आधी तयार बांधलेलं व्हील शोधतो. तुमच्या पायथनच्या आवृत्तीसाठी ते नसेल तर सोर्स आणून तुमच्या मशीनवर कंपाइल करायला घेतो, आणि मग वरचे सगळे संदेश पिपच्या तोंडून येतात. नुकतीच आलेली पायथनची आवृत्ती घेणाऱ्यांना हे जास्त भोगावं लागतं. एक आवृत्ती मागे राहा.

मायएसक्यूएलक्लायंट अडलं तर डिफॉल्ट-लिबमायएसक्यूएलक्लायंट-डेव्ह आणि पायथन३-डेव्ह. सायकोपीजी२ ने पीजी_कॉन्फिग सापडत नाही म्हटलं तर लिबपीक्यू-डेव्ह, किंवा शिकण्यापुरतं सायकोपीजी२-बायनरी घ्या.

"एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट" हा संदेश मात्र लायब्ररी नसल्याचा नाही. उबुंटू २३.०४ आणि डेबियन १२ पासून पिपला सिस्टिमच्या पायथनमध्ये थेट हात घालायला मनाई आहे. संदेशातच ही मनाई मोडण्याचा पर्याय दिलेला असतो. तो वापरू नका. पायथन३-व्हेन्व्ह घाला, प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये पायथन३ -एम व्हेन्व्ह .व्हेन्व्ह द्या आणि त्या प्रकल्पापुरत्या वेगळ्या पायथनच्या आत काम करा.

सगळ्यात फसवं प्रकरण पायथनच सोर्समधून बिल्ड करताना होतं. लिबएसक्यूलाइट३-डेव्ह नसेल तरी बिल्ड थांबत नाही. शेवटाकडे एका ओळीत सांगतो की अमुक मॉड्यूल्स बनवता आली नाहीत, आणि यशस्वी झाल्यासारखा संपतो. ती ओळ कुणी वाचत नाही. मग प्रोग्रॅम सुरू केल्यावर कळतं की एसक्यूलाइट३ हे मॉड्यूलच नाही. त्यानंतर -डेव्ह घालून भागत नाही, पायथन पुन्हा बिल्ड करावं लागतं. पाणी वाढण्याच्या रात्री सूचना द्यायची आहे अशा प्रोग्रॅममध्ये ही गोष्ट जूनमध्येच कळायला हवी.

जावास्क्रिप्टवाल्यांचं नोड (त्याचं पॅकेज आणणारं साधन एनपीएम) आणि जावावाल्यांचं मेव्हन यांबद्दल थोडक्यात. नोडच्या प्रकल्पात पॅकेज-लॉक फाइल असेल तर एनपीएम इन्स्टॉलऐवजी एनपीएम सीआय द्या, ठरलेल्याच आवृत्त्या येतात. मेव्हनमध्ये डाउनलोड चालू असताना नेट गेलं तर अपयशाची नोंद .एम२ फोल्डरमध्ये राहते आणि नेट आल्यावरही तो काही काळ पुन्हा प्रयत्न करत नाही. एमव्हीएन -यू (मोठा यू) दिलं की करतो.

लॅबमध्ये सुडो नाही, नेट धड नाही

कॉलेजच्या लॅबमध्ये पासवर्ड मिळत नाही, ते योग्यच आहे. अशा वेळी लायब्ररी आपल्या होम फोल्डरमध्ये बिल्ड करता येते. एसक्यूलाइटच्या सोर्सला कॉन्फिगर करताना --प्रिफिक्स मध्ये होममधला लोकल नावाचा फोल्डर द्या, मग मेक आणि मेक इन्स्टॉल, सुडो न लावता. त्यानंतर पीकेजी_कॉन्फिग_पाथ (सगळी अक्षरं मोठी) मध्ये त्या लोकलमधल्या लिब/पीकेजीकॉन्फिगचा पत्ता घाला. आधी सांगितलेला शोधमार्ग बदलण्याचा प्रसंग तो हाच. चालवताना लोडरलाही तोच लिब फोल्डर सांगावा लागेल.

शिक्षकांसाठी: पन्नास मशीनवर तेच पॅकेज पन्नासदा उतरवू नका. एका मशीनवर एपीटी-कॅशर-एनजी बसवा आणि बाकीच्यांना त्याच्या ३१४२ पोर्टवरून घ्यायला सांगा. पूर्ण नेट नसलेल्या खोलीसाठी एपीटी-गेट ला --डाउनलोड-ओन्ली देऊन .डेब फायली एका जागी गोळा करता येतात. इथे एपीटी-गेटच वापरा, कारण नुसतं एपीटी इन्स्टॉल झाल्यावर उतरवलेल्या फायली पुसून टाकतं.

नेट धीमं असलं तरी कुठल्याही साइटवरून सुटी .एसओ फाइल उचलून आणू नका. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार लपवलेलं सापडलं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आलं की एसएसएच लॉगिनला नेहमीपेक्षा किंचित जास्त वेळ लागतोय, आणि त्याने ते खणून काढलं. इतक्या नजरा असलेल्या प्रकल्पात हे घडू शकतं, तर निनावी साइटवरच्या फायलीची हमी कोण देणार? पिप आणि एनपीएममध्येही नाव अक्षरन् अक्षर तपासून टाइप करा. लोकप्रिय पॅकेजच्या नावात एखादं अक्षर बदलून घातक पॅकेजेस ठेवली जातात.

कोऱ्या मशीनवर तपासा

तुमच्या मशीनवर चाललं म्हणजे झालं असं नाही, कारण त्यावर महिनोन् महिने काय काय घातलं गेलं हे तुम्हालाही आठवत नाही. प्रकल्पाच्या रीडमी फाइलमध्ये लागणाऱ्या पॅकेजची पूर्ण एपीटी आज्ञा आणि उबुंटूची आवृत्ती लिहा. मग डॉकरमध्ये (आपल्याच मशीनवर वेगळं लिनक्स चालवणारं साधन) कोरं उबुंटू उघडा:

डॉकर रन -आयटी उबुंटू:२४.०४ बॅश

आणि आपलीच रीडमी वाचून, तिच्यात लिहिलंय तेवढंच करत, बिल्ड करा. आत तुम्ही रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) असता, म्हणून सुडो नसतो आणि लागतही नाही. काहीतरी राहिलेलं असतंच. आपल्या पातळी प्रोग्रॅममध्ये दोन गोष्टी अशा सापडतात ज्या लायब्ररी नाहीत, म्हणून एलडीडी त्या दाखवत नाही. एक, सीए-सर्टिफिकेट्स हे पॅकेज. ते नसेल तर लिबकर्ल सुरू होते, पण एचटीटीपीएस पत्त्यावरून आकडा आणताना प्रमाणपत्राची तक्रार करून परत फिरते. दुसरी, टीझेडडेटा. कोऱ्या उबुंटूत भारतीय वेळेची माहितीच नसते, त्यामुळे नोंद झालेली वेळ साडेपाच तास मागची पडते. पहाटे पाचला वाढलेलं पाणी आदल्या रात्री साडेअकराला वाढलं असं दिसतं. टीझेडडेटा घाला, टीझेड (दोन्ही अक्षरं मोठी) मध्ये एशिया/कोलकाता द्या, त्यात ए आणि के मोठे, आणि ही दोन्ही नावं रीडमीतल्या आज्ञेत वाढवा.